एक हात अंतर

मोटर सुटायच्या आधी दगा आप्पा एकदा खाली उतरून तिच्याभोवती फेरी मारायचा. टायर बघायला नव्हे. कोणत्या खिडकीतून अजून उजेड दिसतो, ते बघायला. उजेड दिसला की तिथे एक माणूस कमी आहे, हा त्याचा ठोकताळा. मग तो दाराशी येऊन आत तोंड घालायचा आणि ओरडायचा, "आरे, मझार मयदान पडेल शे! सरका ना जरासं!" आत ज्यांना नाक खाजवायला हात वर काढता येत नव्हता, ते लोक निमूटपणे सरकायचे. कुठे सरकायचे ते मला आजवर कळलेलं नाही.

शहाद्याहून निघून, प्रकाशा गावाला नावेवरून नदी ओलांडून नंदुरबार स्टेशनपर्यंत जाणारी ती सर्व्हिस मोटर. दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, 'बैठक २२ उतारू'. आप्पाला अक्षरओळख नव्हती. मी नवा होतो तेव्हा त्याला ती पाटी वाचून दाखवली. त्याने शांतपणे विचारलं, "तठे 'फक्त' लिखेल शे का?" नव्हतं लिहिलेलं. विषय संपला.

माणसं भरण्याची त्याची एक पद्धत होती. आधी लठ्ठ माणसं खिडकीशी, मग त्यांच्यामधल्या फटीत बारीक माणसं, बारीक माणसांच्या मांडीवर पोरंबाळं, आणि पोरांच्या मांडीवर गठुडी. एवढं झालं की तो पुढे हाक द्यायचा, "गफूर, बठाड!" ड्रायव्हर गफूरचाचा मोटर दहा पावलं जोरात पुढे न्यायचा आणि गच्चकन ब्रेक दाबायचा. पायलीत धान्य भरताना पायली ठोकली की धान्य खाली बसतं, तशी आतली माणसं खाली बसायची. मग आणखी तिघांची जागा व्हायची. आप्पा स्वतः कधी आत बसला नाही. फूटबोर्डावर एक पाय, दांडीला एक हात, बाकी सगळा आप्पा बाहेर. अंगात कुठल्याशा पलटणीतला खाकी कोट होता, त्याची बटणं एकाही काजात बसत नसत.

नाव मात्र दगा. त्याच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून या पोराला दगडाचं नाव ठेवलं, म्हणजे मृत्यूचं लक्ष जाणार नाही. दगडाचा दगा झाला. इकडे खानदेशात हे नाव घरोघर सापडतं. मी वाईकडचा, मामलेदार कचेरीत कारकून म्हणून नुकताच शहाद्याला आलेला. दगा नावाच्या माणसाच्या गाडीत जीव घालायचा म्हणजे मला जरा विचारच पडला होता. पण त्या सगळ्या रस्त्यावर या माणसाएवढी खात्री दुसऱ्या कशाचीच नव्हती. पाऊस पडेल न पडेल, कापसाला भाव येईल न येईल, रस्त्याच्या कडेला हात वर केला तर आप्पाची मोटर थांबणार. "उभा मानूसले रस्तामा टाकी जावानं नही," एवढंच तो म्हणायचा, आणि वर म्हणायचा, "बस."

माझ्या पहिल्या प्रवासात मी सरकारी नोकर असल्याचं त्याला बजावून सांगितलं. तो लगेच आत ओरडला, "भाऊसाहेबले मानानी जागा द्या रे!" मानाची जागा म्हणजे जादा टायरवर, ब्राह्मणपुरीच्या दोन पाटलांच्या मध्ये. त्यातले थोरले, ज्यांना सगळे जिभाऊ म्हणत, ते वजनाने माझ्या तिप्पट होते. प्रकाशा येईपर्यंत त्यांच्या केळीच्या बागेची सगळी हकीकत मला समजली, आणि त्यांचा श्वास कोणत्या कुशीवर अडकतो तेही.

मग लढाईच्या दिवसांत साथ आली.

पेट्रोल मिळेना, म्हणून दिवसाची एकच फेरी उरली होती. त्यात शहाद्याच्या बाजारपेठेत उंदीर पडू लागले. गाठीचा ताप सुरू झाला. काखेत नाही तर जांघेत गाठ, डोळे लाल, आणि चार दिवसांत माणूस संपला. लोक घरं सोडून मळ्यात झोपड्या घालून राहू लागले. आमची कचेरी गावाबाहेर आंबराईत तंबूत गेली. टोचून घ्या असं डॉक्टर सांगत होते, पण गाठीपेक्षा सुईची भीती जास्त. बहुतेकांनी गळ्यात कापराची पुरचुंडी बांधली. आप्पाने एक पुरचुंडी मोटरीच्या बॉनेटलाही बांधली, इंजिनालाही जपायला हवं म्हणून.

सगळ्यांनाच पळायचं होतं. शहाद्याचे लोक साथीला भिऊन नंदुरबारला जात आणि नंदुरबारचे लोक साथीला भिऊन शहाद्याला येत. आप्पा दोघांनाही तितक्याच तत्परतेने पोहोचवायचा. वाटेत नदीकाठी नावेपाशी दोन्हीकडचे लोक एकमेकांना भेटायचे, एकमेकांच्या गावची बातमी विचारायचे, आणि दोघेही आपण शहाणपणा केला असं मानून पुढे जायचे.

अशात मामलेदारसाहेबांनी मला बोलावून मसुदा करायला सांगितलं. मोटरीत बाविसाच्या जागी अकराच बसावेत आणि दोघांत एक हात मोकळी जागा असावी, एवढाच आशय होता. मी मसुद्याच्या बाबतीत फार हळवा माणूस. पहिल्यांदा लिहिलं, 'परस्परांत एक हात अंतर ठेवावे.' मग वाटलं, 'ठेवावे' हा शब्द अगदी घरगुती झाला, लोणच्याची बरणी ठेवावी तसा. तो खोडला आणि लिहिलं, 'साथीचा प्रादुर्भाव असेतोपर्यंत उतारूंनी परस्परांस किमान एक हात अंतर द्यावे. कसूर करणारास शासन होईल.' साहेबांनी सही केली. कागद मोटरीच्या दारावर चिकटला. मी दोनदा लांबून वाचून पाहिला आणि मला माझं फार कौतुक वाटलं.

शनिवारी मीही त्याच मोटरीत होतो. कळसाडीची ठगूमाय, मांडीवर तान्ही नात घेऊन बसलेली म्हातारी, तिने दारावरच्या नव्या कागदाकडे बोट दाखवून विचारलं, "जिभाऊ, हाई काय लिखेल शे?" जिभाऊंनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर सोडवत वाचलं. परस्परांस. किमान. एक हात. अंतर. द्यावे.

देवाला आपण हात जोडून काय म्हणतो? अंतर देऊ नको. लेक सासरी जाताना आई जावयाला काय सांगते? हिला अंतर देऊ नका. आणि सरकार शिक्का मारून म्हणत होतं, द्या.

"म्हंजे?" ठगूमाय म्हणाली. "मरीना टाइमले एकमेकले टाकी द्यावानं?"

"तसंच लिखेल शे," जिभाऊ चष्मा पुसत म्हणाले. "नही दिधं ते सजा."

दगा आप्पा फूटबोर्डावरून आत वाकला. त्याचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता. "सरकारना पोटमा आतडं शे का नही?" तो म्हणाला. "लोके मरी ऱ्हायनात आन् सरकार म्हनस, अंतर द्या! मन्ही मोटारमा कोनीच कोनले अंतर देवाव नही. या रे, भाईर उभा शेत ते समदा मझार या!"

त्या दिवशी त्रेचाळीस माणसं बसली. नेहमी कुरकुरणारे लोकसुद्धा एकमेकांना आपणहून मांडीवर घेत होते. हुकमाचा लेखक दोन पाटलांच्या मध्ये चेपलेला होता. खुलासा करावा असं मला फार वाटलं, पण त्यासाठी छाती फुगवावी लागते आणि तेवढी जागा नव्हती.

दोन दिवसांत आप्पा पुढारी झाला. चळवळीचे दिवस होते, हुकूम मोडणारा माणूस कुणाला नको असतो? नंदुरबारच्या एका खादीधारी वकिलाने मोटरस्टँडवर त्याच्या गळ्यात सुताचा हार घातला आणि या निरक्षर माणसाने परकी सत्तेच्या अमानुष फर्मानाला कसं झुगारून दिलं, यावर अर्धा तास भाषण केलं. भाषण संपल्यावर वकीलसाहेब त्याच मोटरीने शहाद्याला आले. ड्रायव्हरशेजारच्या बाकावर एकटेच बसले होते, आणि नाकाला अत्तराचा रुमाल होता. आप्पाने दोनदा तिथे माणूस चढवायचा प्रयत्न केला, पण त्यांनी दोन्ही वेळा पाय पसरले.

मामलेदारसाहेबांनी आप्पाला तंबूत बोलावलं. मलाही उभं केलं. साहेब गरजले की पुढच्या वेळी अकरावर बारावा सापडला तर मोटरीचं परमिट जाईल आणि तू कोठडीत जाशील. मग अंतर म्हणजे मोकळी जागा, हे त्यांनी टेबलावर दोन दौती लांब लांब ठेवून समजावलं. आप्पाने दौतींकडे बघितलं आणि तो म्हणाला, "आस व्हतं ते 'दूर बठा' आस लिखानं. समदासले समजतं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तंबूच्या खांबाकडे पाहिलं.

जाता जाता आप्पा थांबला. "रावसाहेब, अकरा बठाडात. मंग बाकीनासले काय सांगू? आठेच मरा म्हनू?"

साहेब म्हणाले, "ते या हुकमात नाही."

मी त्या माणसाची चेष्टा पुष्कळ केली आहे आणि अजून करणार आहे, पण त्या दिवसापासून त्याला जो घोर लागला तो चेष्टेचा नव्हता. रस्त्यावर सोडलेला माणूस तिथे गाठीने गेला तर ते पाप आपलं. आत घेतलेल्या माणसामुळे शेजारचा गेला तर तेही आपलंच. दौतींचा अर्थ त्याला नीट समजला होता. त्याआधी तो सुखी होता.

तरी सवय सुटते थोडीच! प्रकाशाला नदीकाठी तपासणीची चौकी बसली होती. तिथे एक कंपाउंडर उतारू मोजायचा. आप्पा चौकीच्या दोन शेतं अलीकडे मोटर थांबवायचा आणि अकरा जण ठेवून बाकीच्यांना उतरवायचा. आतले अकरा एक-एक हात सोडून, फोटो काढायला बसावेत तसे ताठ बसायचे. बाकीचे तीस वाळूतून एकमेकांच्या कमरेला धरून रांगेने चालत यायचे.

"ते कोण?" कंपाउंडरने पहिल्या दिवशी विचारलं.

"देवदर्शनले चालनात," आप्पा म्हणाला.

प्रकाशा पडलं तीर्थाचं ठिकाण. कंपाउंडरने भक्तिभावाने मान हलवली आणि वहीत लिहिलं, अकरा. पुढे नावेतून पलीकडे उतरले की ते भाविक त्याच मोटरीत पुन्हा मांड्यांवर बसायचे. रोज तेच भाविक, तीच भक्ती. शनिवारी तो अहवाल माझ्याकडे यायचा आणि मी त्याची सुवाच्य प्रत करायचो, 'हुकमाची तामिली समाधानकारक होत आहे.' त्या भाविकांच्या रांगेत मी स्वतः दोनदा चाललो होतो.

एक फरक मात्र मला दिसायचा. मोटर भरून झाली की आप्पा पूर्वीसारखा ओरडत नसे. चढणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचा, लाल आहेत का. हात धरून वर घेताना मनगट जरा जास्त वेळ धरून ठेवायचा. गफूरचाचाला "बठाड" म्हणणं त्याने सोडून दिलं.

होळी चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी शहाद्याला परतताना मोटरीत आम्ही एकोणचाळीस होतो. शहाद्यापासून कोस-दीड कोसावर एका निंबाखाली एक माणूस हात वर करून उभा होता. डोंगरातून कापूस वेचायला आलेला, कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं. त्याच्या पायाशी गोधडीवर बायको पडली होती. मोटर थांबली. त्याने बायकोचा हात उचलून काखेतली गाठ दाखवली आणि म्हणाला, "दवाखाना." तेवढाच एक शब्द त्याला आमच्या भाषेतला येत असावा.

"आप्पा, हाकल मोटार!" जिभाऊ ओरडले. मग सगळेच ओरडले. सरकारला आतडं नाही म्हणून ज्यांनी ज्यांनी बोटं मोडली होती, ते सगळे. ठगूमायने नातीला पदराखाली घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आप्पा, मन्हं काय, मी म्हातारी. पन हाई लेकरू शे ना." तिचं काय चुकलं? गफूरचाचाचा पाय कधी दाबला जातो इकडेच माझंही लक्ष होतं, हे आज लिहून टाकतो.

आप्पा खाली उतरला. बाईजवळ उकिडवा बसला, तिच्या कपाळावर हात ठेवला. मग उठून दाराशी आला.

"उतरा."

"कोन?" जिभाऊंनी विचारलं.

"समदा."

गलका उडाला. "आम्हले रस्तामा टाकी जास का? दगा, आम्हले?"

"तुम्हले पाय शेत," आप्पा म्हणाला. "तिना पाय चालतस नही."

भरायला लागायचा तेवढाच वेळ रिकामी करायला लागला. जिभाऊ उतरताना शिव्या देत होते. त्यांचा हात धरून आप्पाने त्यांना जपून खाली घेतलं. मग आम्ही सगळे धुळीत उभे राहिलो तेव्हा तो म्हणाला, "आते शहादाले चालत जा. आन् एकमेकपाइन दूर दूर चाला. अंगले अंग लावू नका." आम्ही चालू लागलो. मी मागे वळून पाहिलं, तर दोघे मिळून त्या बाईला मागच्या लांब बाकावर निजवत होते. आप्पा तिच्या उशाशी बसला. मोटरीत तो प्रथमच बसलेला दिसत होता. "गफूर, मांगे पाहू नको," असं त्याने सांगितलेलं ऐकू आलं. मोटर निघाली. आत वजन नव्हतं, म्हणून खड्ड्याखड्ड्यातून उडत गेली.

कचेरीत मोठा पेच पडला. मोटरीत सापडली ड्रायव्हर धरून चार माणसं, म्हणजे अकराच्या आत. एक हात अंतराचा गुन्हा लागू होईना. शेवटी साथीचा रोगी सार्वजनिक वाहनातून नेल्याबद्दल नोटीस निघाली, 'समक्ष हजर राहून खुलासा करावा.' मसुदा माझाच होता.

नोटीस निघेपर्यंत आप्पाला ताप भरला. बाईला नेल्यापासून पाचव्या दिवशी काखेत गाठ आली. त्याला गोमाई नदीच्या पात्रात, रोग्यांसाठी घातलेल्या झोपड्यांत नेऊन ठेवलं. वकीलसाहेबांनी वर्तमानपत्रात पत्र लिहायचं कबूल केलं, पण तिकडे कुणी फिरकलं नाही. आमचा शिपाई नोटीस घेऊन जाईना, तेव्हा साहेब म्हणाले, तूच जा.

झोपड्यांपासून वीसेक हातांवर चुन्याची रेघ मारलेली होती. मी तिच्या अलीकडे थांबलो. आप्पा झोपडीच्या तोंडाशी बसला होता. खाकी कोट खांद्यावर, आत माणूस निम्माच राहिलेला. मी नोटीस वाचून दाखवू लागलो. त्याने हात हलवून मला थांबवलं.

"ती बाई वाचनी ना?"

"वाचली," मी म्हणालो. "तिचा नवरा तिला घेऊन डोंगरात गेला."

तो हसला. मग त्याचं हसू गेलं. "भाऊसाहेब, एक काम कराल? तिनापहिले पंधरा दिन मी लोकेसले एकमेकना मांडीवर बठाडं. कोनले काही व्हयनं का? तेवढं पाही या. आठे पडना पडना एकेकनं तोंड डोयापुढे येस." आणि त्याने नावं सांगितली. कोण कुणाच्या मांडीवर होतं ते सांगितलं. बावन्न नावं झाली. मी नोटिशीच्या मागे लिहून घेतली.

माझ्या उभ्या नोकरीत कुणाचा हुकूम नसताना केलेलं ते एकच काम. मी दोन दिवस कळसाडी, ब्राह्मणपुरी आणि मधले मळे पायी फिरलो. लोक लांबूनच उत्तरं द्यायचे. ठगूमाय ठणठणीत होती, नातीला दात येत होते. जिभाऊ केळीला पाणी देत होते आणि आप्पाचं नाव काढताच पुन्हा शिव्या देऊ लागले, मग रडले. पन्नास माणसं बरी होती. दोन गेली होती. एक बांगड्या विकणारी कासारीण आणि एक कापसाच्या जीनमधला हमाल. दोघं शेजारी बसली होती. मोटरीत झालं की घरी, कुणी सांगू शकलं नसतं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा चुन्याच्या रेघेशी उभा राहिलो. मध्यान्हीचं ऊन होतं. आप्पाला बसवत नव्हतं, तो कोपरावर रेलला होता. येतानाच मी ठरवलं होतं. मी नोटीस उलटी धरली आणि नावं वाचू लागलो. प्रत्येक नावापुढे म्हणालो, बरा आहे, बरी आहे. ठगूमायचं नाव आलं, जिभाऊंचं आलं. मग गेलेल्या दोघांचीही नावं आली. तीही मी त्याच आवाजात वाचली, न अडखळता, आणि पुढे गेलो. बावन्न संपली. मला वाटलं, छान जमलं.

आप्पाने कोपर सावरून मान वर केली.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "तुम्ही हुकूम वाचतस तशे बोली ऱ्हायनात."

मी कागदाची घडी घालू लागलो. ती नीट पडेना.

"कितला?" त्याने विचारलं.

"दोन," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. कोण ते विचारलं नाही. मग कोपरावर सरकत सरकत तो झोपडीत मागे गेला, आणि दार म्हणून लावलेली कपाशीच्या पराट्यांची ताटी त्याने आतून ओढून घेतली.